उघडा हात

२ सप्टेंबर, मंगळवार

सही केली नाही.

साहेबांनी पेन पुढे केलं, टोपण काढून. टोपण काढलेलं पेन नाकारणं अवघड असतं. तरी नाकारलं. कागदावर होतं — संरक्षण: आठ तास. माझ्या हातावर डास पळवायचं हे क्रीम गेल्या शुक्रवारी तीन तास टिकलं. त्याआधी अडीच. त्याआधी तीन. दीड महिन्यात नऊ चाचण्या झाल्या, एकदाही साडेतीनच्या पुढे नाही.

"बाई, ही नुसती पोच आहे."

"पोच असेल तर त्यात आकडा कशाला?"

हसले. उठून दार स्वतः उघडून दिलं. हे काही चांगलं लक्षण नाही.

३ सप्टेंबर, बुधवार

नवऱ्याने सकाळी विचारलं, तुझं काम नक्की काय असतं, कुणी विचारलं तर सांगायचं काय? चौदा वर्षांनी विचारतोय! स्वतः लिफ्टा दुरुस्त करतो. ते सांगायला सोपं.

सांग — पिंजऱ्यात हात घालते. जाळीचा चौकोनी पिंजरा, आत दोनशे माद्या. पायांवर पांढरे पट्टे, दिवसा चावणारी जात. पंजाला जाड रबरी मोजा, मनगटापासून कोपरापर्यंत कातडी उघडी. आधी डावा हात, काही न लावता. अर्धं मिनिट. किती बसल्या ते मोजायचं आणि चावायच्या आत झटकायच्या. दहा तरी बसल्याच पाहिजेत, नाहीतर चाचणी रद्द — भुकेल्याच नसतील तर क्रीमची परीक्षा कसली? मग उजवा हात, क्रीम लावलेला. दर अर्ध्या तासाने तीन मिनिटं. एक चावा म्हणजे अपघात. पुढच्याच पाळीला दुसरा चावा म्हणजे क्रीम संपलं. वेळ लिहायची, सही करायची.

ताप येत नाही का, म्हणाला. नाही. त्या आमच्याकडेच ट्रेमधल्या पाण्यात जन्मतात, कुणाचं रक्त कधी प्यायलेल्या नसतात. ताप द्यायला आधी तो कुणाकडून तरी घ्यावा लागतो.

मी इथे टायपिस्ट म्हणून आले होते. साहित्यात एम.ए., मिनिटाला साठ शब्द. दुसऱ्याच महिन्यात हाताची बाई सोडून गेली. सगळ्या कचेरीचे हात पिंजऱ्यात घालून बघितले. माझ्यावर पंधरा बसल्या. कागदावर माझं पद 'सहायक, चाचणी'. आपसात सगळे म्हणतात — हात. "हात आला का?" "हात जेवायला गेलाय."

नवरा म्हणाला, मी आपलं 'ऑफिसात आहे' एवढंच सांगतो.

५ सप्टेंबर, शुक्रवार

दहावी चाचणी.

आधी फॉर्म. हात घालायच्या आधी दर वेळी भरायचा. ताप आहे का, औषध चालू आहे का, दारू घेतली का, अत्तर लावलं का, कातडीवर जखम आहे का — असे सहा प्रश्न. रुजू झाले त्या महिन्यात मीच टाइप केलेले. सहाही 'नाही'च्या चौकटींतून वरून खाली एकच उभी रेघ, खाली सही. चौदा वर्षं तीच रेघ. आता पट्टीशिवाय सरळ येते.

डावा हात, उघडा. सव्वीस!

मामांनी मोजणीचा काउंटर हलवून पाहिला. मामा म्हणजे आमच्या डासघराचे सर्वेसर्वा. अंड्यांपासून पंखांपर्यंत सगळं तेच बघतात. पिंजऱ्यातल्यांना 'पोरी' म्हणतात.

"टायपिस्टबाई, काय खाऊन आलात?" चौदा वर्षांत मला त्यांनी दुसऱ्या नावाने हाक मारलेली नाही.

"कालचं उरलेलं."

"पोरी वेड्या झाल्यात नुसत्या."

"तुम्ही उपाशी मारलं असेल."

"छे हो! काल दुपारी साखरपाण्याचा बोळा काढला, नेहमीसारखा. हे बघा —" म्हणून स्वतःचा हात घातला. अर्ध्या मिनिटात चार. त्यातल्या दोन मोज्यावर. "बघितलंत? बापाला कोण चावणार!"

उजव्या हातावर तिसऱ्या तासाला पहिला चावा. साडेतीनला दुसरा. निकाल: तीन तास. लिहिलं. सही केली. या कागदावर करते. त्या कागदावर नाही.

८ सप्टेंबर, सोमवार

साहेबांचं म्हणणं आज एकदाचं कळलं.

"तुमचा हात अपवाद आहे, बाई. उघड्या हातावर सव्वीस? साधारण माणसावर दहा-बारा बसतात. अपवाद धरून कुणी निकाल लावत नाही."

"साहेब, ज्यांना डास चावतच नाहीत ते क्रीम घेतील कशाला?"

"म्हणजे?"

"म्हणजे घेणार ते माझ्यासारखेच. छत्री उन्हात तपासून काय कळणार?"

साहेबांनी कॅलेंडर उलटलं. मग म्हणाले, "चोवीस तारखेला तपासनीस येणार आहेत. तोवर नीट विचार करा." नीट विचार म्हणजे त्यांचा विचार.

खोकी छापून तयार आहेत! मामांनी गोदामात बघितली. चाचणी संपायच्या आधी खोकी.

९ सप्टेंबर, मंगळवार

संध्याकाळी सासूबाईंबरोबर दारात बसले होते. माझ्या दोन्ही पायांवर चढाओढ. त्यांना एक नाही.

"तुझं रक्तच गोड, त्याला काय करणार?"

"आई, चावल्याशिवाय गोड की कडू कसं कळणार त्यांना?"

"मग काय बघून येतात?"

सांगितलं. लांबून येतात त्या श्वासाच्या मागावर. आपण जी हवा बाहेर सोडतो तिचा धागा धरून. जो जास्त श्वास टाकतो तो आधी सापडतो. जवळ आल्या की घामाचा वास, कातडीवर राहणाऱ्या बारीक जंतूंचा वास. तो प्रत्येकाचा निराळा, म्हणून एकाच घरात एकाला फोडतात आणि दुसऱ्याला सोडतात. अगदी टेकायच्या आधी — ऊब. आणि चावतात फक्त माद्या. अंडी धरायला रक्त लागतं म्हणून.

"डोहाळेच म्हण की!"

"म्हणा."

"आणि नर काय करतात?"

"फुलांतला रस पितात."

"आणि घरी येऊन पसरतात," सासूबाई आतल्या खोलीकडे बघून म्हणाल्या. आत त्यांचा मुलगा पसरलेला होता. "कोण बोलतंय माझ्याबद्दल?" असा आवाज आला.

हसून हसून पुरेवाट झाली. उठताना म्हणाल्या, "तुझ्याशेजारी बसायला बरं. माझ्या वाटचे सगळे तुझ्याकडे जातात. फक्त शेगडीशेजारी बसल्यासारखं वाटतं."

१० सप्टेंबर, बुधवार

साहेबांनी विचारलं, मी हाताला काय लावते.

तोंडावर विचारलं. मामांच्या देखत. "काही लोक घामाचा पायमोजा हाताला चोळतात म्हणे. निकाल बिघडवायचा असेल तर."

चौदा वर्षं मी वासाचा साबण वापरलेला नाही. लेकीच्या शाळेच्या कार्यक्रमाला अत्तर न लावता गेले. कांदा खाऊन चाचणीला आले नाही. आणि मी मोजा चोळते!

"पुढच्या चाचणीला तुम्ही स्वतः उभे राहा," म्हटलं. "माझे हात तुम्हीच धुवा."

मामा ट्रेकडे तोंड करून उभे होते. खांदे हलत होते. हसत होते, देव त्यांचं भलं करो.

११ सप्टेंबर, गुरुवार

पण प्रश्न खराच आहे. पंधराच्या सव्वीस का?

जे जे बदललं असेल ते ते लिहून काढलं. साबण — तोच. अन्न — तेच. पाणी — तेच. कपडे — गडद रंग त्यांना दिसतो, पण पिंजऱ्यात कपडे जातात कुठे? घर — तेच. औषध — नाही. ऊब — हो. सारखं गरम होतं. पंख्याखाली मी, आणि नवरा चादर ओढून. सासूबाई म्हणतात वय झालं, त्यांचं सगळं चव्वेचाळिसाव्या वर्षी थांबलं, तेव्हा असंच गरम व्हायचं. जिना चढताना धाप लागते. तेही वयाचंच. अंगाने भरलेय. बसून बसून.

वय झालं म्हणून डास दुप्पट येतात असं कुठल्या पुस्तकात नाही. सासूबाईंना मग एक तरी चावला असता.

लेक म्हणाली, "आई, तू चिडलीयेस म्हणून येत असतील." रागाने माणूस तापतो, जोराने श्वास टाकतो. अगदीच खोटं नाही ते. मग येऊ देत!

१२ सप्टेंबर, शुक्रवार

अकरावी चाचणी. साहेब हजर.

हात त्यांच्यासमोर धुतले. साध्या पाण्याने, मग स्पिरिटने, मग पुन्हा पाण्याने. साहेबांनी नाक जवळ नेऊन वास घेतला. आयुष्यात कुणी माझ्या हाताचा असा वास घेतला नव्हता. लग्न ठरलं तेव्हासुद्धा नाही.

फॉर्म. उभी रेघ. सही.

उघडा हात: एकतीस.

जाळीवर बसलेल्या सगळ्या एकदम सुटल्या. हात दिसेना. साहेब एक पाऊल मागे सरकले. मी अर्धं मिनिट पुरं होईपर्यंत हात काढला नाही. काढला तेव्हा एकही चावली नव्हती. झटकायची लय आहे माझी.

क्रीम: अडीच तास.

साहेब गेले. मामा मात्र मान वाकडी करून माझ्याकडे बघत राहिले. "काय?" म्हटलं. "काही नाही," म्हणाले. "चौदा वर्षांत एकतीस नव्हत्या."

१४ सप्टेंबर, रविवार

वरच्या मजल्यावरच्या भाडेकरणीने जिन्यात अडवलं. सातवा महिना आहे तिला. मागच्या गल्लीत तापाचे तीन रुग्ण झालेत, तिघांना रुग्णालयात नेलं.

"काकू, तुमच्याकडचं ते क्रीम कधी येणार हो? डॉक्टर म्हणाल्या, चावू देऊ नका. चावू देऊ नका म्हणजे काय करू? फडकं हलवत बसू दिवसभर?"

घरात नमुन्याची नळी होती, छापील खोक्यासकट. आणून दिली. नियमात बसत नाही. दिली.

तिने खोकं वाचलं. आठ तास निर्धास्त. गरोदर स्त्रियांसाठी खास सौम्य.

"अय्या, आठ तास!"

"अडीच तास," मी म्हटलं. "अडीच तासांनी धुवायचं, परत लावायचं. आणि पायघोळ कपडे, खिडकीला जाळी. खोकं वाचू नकोस."

"पण इथे छापलंय."

"छापलंय. माझं ऐक."

सासूबाई तिथेच उभ्या होत्या, आम्हा दोघींच्या मध्ये. पाच मिनिटांत तिचे पाय आणि माझे पाय लाल. सासूबाई कोऱ्या. "तुम्ही दोघी सारख्याच गं," म्हणाल्या.

तिने घड्याळात गजर लावला. अडीच तासांचा. माझ्यावर विश्वास ठेवला तिने, खोक्यावर नाही. आता मी सही करू?

१५ सप्टेंबर, सोमवार

मला हातावरून काढलं.

लेखी नाही. "काही दिवस टायपिंग बघा." माझ्या जागी मामा! ज्यांच्यावर चार बसतात ते मामा.

"दहा बसायला लागतात," मी म्हटलं.

"बसतील," साहेब म्हणाले.

१६ सप्टेंबर, मंगळवार

बसल्या. कशा बसल्या ते इथे लिहून ठेवते.

साहेबांनी मामांना चार मजले जिना चढायला लावला. धावत. तीन वेळा. साठीचा माणूस! खाली आले तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला, तोंड लाल, छाती भात्यासारखी. तसाच हात पिंजऱ्यात. अकरा बसल्या.

"झाले दहा," साहेब म्हणाले. "जिना चढू नये असं नियमात आहे का कुठे?"

नाही. जिन्याचा नियम करावा लागेल असं कुणाला वाटलं होतं?

मग मामा खुर्चीत बसले. घाम वाळला, श्वास खाली आला. तासाभरात ते पुन्हा चार डासांचे मामा झाले. क्रीम लावलेला हात घालत राहिले, काढत राहिले. आठ तास. एकही चावा नाही. मामांनी क्रीमऐवजी नळाचं पाणी लावलं असतं तरी आठ तास निघाले असते!

सकाळी पहिल्यांदाच फॉर्म भरायला बसले, तेव्हा चष्मा लावून एकेक प्रश्न बोटाने वाचत होते. मध्येच खो खो हसले. "काय झालं?" म्हटलं. डोळे पुसत "काही नाही, काही नाही," म्हणाले.

संध्याकाळी त्यांच्याकडे गेले नाही. दारात त्यांनीच गाठलं.

"टायपिस्टबाई, हात माझा, सही माझी. मी खोटं काही लिहिलेलं नाही."

"ठाऊक आहे."

"मग बोलत का नाही?"

"खोटं लिहिलं असतंत तर भांडले असते. आता काय करू?"

१८ सप्टेंबर, गुरुवार

अहवाल टाइप करायला आला. माझ्याकडेच! हात काढून घेतला, बोटं विसरले.

केला टाइप. मामांची चाचणी — आठ तास — एक ओळ. तिच्यावर माझ्या अकरा चाचण्या — अकरा ओळी. तारीख, उघड्या हातावर किती, क्रीम किती वेळ. मामांच्या ओळीत एक शब्द वाढवला: जिना चढून. बाकी काही नाही. विशेषण एकही नाही.

साहेबांनी वाचलं. पेन्सिलने अकरा ओळींवर फुली मारली.

"या काढा."

"का?"

"अपवादाचा हात. शिवाय अर्धं वय गेलेल्या बाईच्या अंगात काय काय बदल होत असतात. ते शास्त्रात बसत नाही."

"शास्त्रात डास बसतात, साहेब. ते बसले."

"बाई, मी सरळ सांगतो. बुधवारी तपासनिसांपुढे या अकरा ओळी असल्या तर गुरुवारी इथे दुसरी टायपिस्ट असेल."

"आणि दुसरा हात?"

"तो आहे."

मी कागद उचलले. "काढायच्या तर तुम्ही टाइप करून काढा. मी खोट्या कागदाला बोट लावत नाही. चौदा वर्षांत एकही खोटी सही केलेली नाही. फाइल काढून बघा."

केवढ्यांदा बोलले! बाहेरच्या टेबलांपर्यंत गेलं. जाऊ दे.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

नवरा म्हणाला, "जगातली सगळी क्रीमं तूच तपासायला हवीत का?"

"लिफ्टची दोरी झिजली असेल आणि मालक म्हणाला की बारीक माणसांना चालते, तर तू काय करशील?"

जेवण संपवलं. मग भांडी त्याने घासली. हे त्याचं उत्तर.

२० सप्टेंबर, शनिवार

भाडेकरणीचा गजर आमच्या छतातून ऐकू येतो. अडीच तासांनी. परत अडीच तासांनी. माझ्या बाजूचा एक साक्षीदार.

२२ सप्टेंबर, सोमवार

अकरा ओळी अजून अहवालात आहेत. साहेबांना टायपिंग येत नाही, आणि बाहेरून कुणाला बोलवावं तर कारण सांगावं लागेल. माझ्या ड्रॉवरला कुलूप. किल्ली गळ्यात. परवा तपासनीस.

दुपारी मामा आले. हातात माझे अकरा फॉर्म. तपासनिसांसाठी फाइलला लावायचं काम त्यांच्याकडे आलंय. समोर बसले. 

"भांडायला आलात?"

"नाही." फॉर्म टेबलावर ठेवले, कडा नीट जुळवल्या. "तुम्ही गुरुवारी म्हणालात ना साहेबांना, एकही खोटी सही नाही."

"नाहीच."

"तुम्ही हे वाचत नाही, टायपिस्टबाई. रेघ मारता. मी वाचला. चष्मा लावून. सहाव्याला मला हसू आलं, म्हटलं, मला विचारतायत!" हसले नाहीत. "मग आज सकाळी तुमचे लावायला घेतले. आणि हसू गेलं."

"का? काय आहे सहावा?"

"तुम्हीच टाइप केलाय." उठले. दाराशी थांबून म्हणाले, "माझी सून डबा घेऊन यायची डासघरात. तिसरा महिना, चौथा महिना. पोरी जाळीला अशाच येऊन चिकटायच्या. तेव्हा मी म्हणायचो, डब्याचा वास."

आणि गेले.

मशीनवर काम पडलं होतं. फॉर्म पिशवीत टाकले. घरी वाचेन. मामांच्या सुनेचा आणि माझ्या सहीचा काय संबंध, हे काही कळलेलं नाही. चिडून लिहितेय. खरं सांगायचं तर चिडले नसते तर लगेच वाचला असता.

२३ सप्टेंबर, मंगळवार

सहावा प्रश्न: आपण गरोदर आहात का?

केमिस्टकडे लेकीला पाठवलं नाही. स्वतः गेले. त्याने माझे पांढरे केस बघितले, मग पट्टीचं पाकीट बघितलं. बघू दे.

दोन रेघा. आडव्या. माझ्या एका उभ्या रेघेसमोर.

चार महिने पाळी नाही, ती मी वयावर टाकली होती. म्हणजे अकरा खोट्या सह्या. माझ्याच. नियमाप्रमाणे अकराही चाचण्या बाद. साहेबांना फुली मारायची गरजच नव्हती.

घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही. आधी फॉर्म. अकराही फॉर्मवर सहाव्या चौकटीतली रेघ खोडली, पुढे 'होय' लिहिलं, आजची तारीख घातली, सही केली. मग ड्रॉवर उघडून अहवाल काढला. अकरा ओळी आहेत तशाच ठेवल्या. त्यांच्याखाली खोक्यावरची ओळ टाइप केली, शब्दाला शब्द — गरोदर स्त्रियांसाठी खास सौम्य. आणि तिच्याखाली माझी बारावी ओळ:

वरील अकरा निकाल गरोदर स्त्रीच्या हातावरचे आहेत.